पूर्ण दोन अंकी ‘जिझेल’ पुण्यात उभं करायचं तर काय काय लागेल?

तिसरी_घंटा

बॅलेचे वर्ग पुण्यात आता नवे नाहीत. पण वार्षिक कार्यक्रमांत दिसतात ते तुकडे: चार मिनिटांचं एकल, सहा मिनिटांचं समूहनृत्य, मग पुढची तुकडी. पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत एक अख्खी प्रेमशोकांतिका इथल्या मंचावर, इथल्या मुलामुलींना घेऊन करायची झाली तर नेमकं काय लागेल, हे एका जागी लिहिलं जावं म्हणून हा धागा.

माझी निवड जिझेल. दोन अंक, दोन देखावे, मध्यंतर धरून साधारण दोन तास. पहिला प्रयोग पॅरिस ऑपेरात, २८ जून १८४१ रोजी. संगीत आडोल्फ आदाम यांचं, नृत्यरचना जाँ कोराली आणि झ्यूल पेरो यांची, संहिता तेओफील गोतिए आणि सँ-जॉर्ज यांची, नायिका कार्लोत्ता ग्रिसी. १८६८ नंतर पॅरिसच्या मंचावरून ते उतरलं आणि जगलं सेंट पीटर्सबर्गमध्ये, तिथला नृत्यरचनाकार मारियस पेतिपाने पुन्हापुन्हा उभं केल्यामुळे. (पॅरिसचा पहिला आल्ब्रेख्त, म्हणजे नायक, हा पेतिपाचाच थोरला भाऊ ल्युसियाँ.) त्यामुळे ‘मूळ जिझेल’ म्हणून आज जे नाचलं जातं, त्यातलं बरंचसं पेतिपाच्या हाताखालून गेलेलं आहे, हे आधीच मान्य करून कामाला लागलेलं बरं.

कथा थोडक्यात: ऱ्हाइनकाठचं द्राक्षांचं गाव. सरदार आल्ब्रेख्त खेडुताच्या वेषात जिझेलवर प्रेम करतो. शिकारी हिलारियन त्याचं बिंग फोडतो. आल्ब्रेख्तची वाग्दत्त वधू बाथिल्डे समोर उभी असते. जिझेल वेडी होते आणि मरते. दुसऱ्या अंकात जंगलातल्या विली, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुली, पुरुषांना मरेपर्यंत नाचवतात. जिझेल आल्ब्रेख्तला पहाटेपर्यंत वाचवते.

माझं म्हणणं एकच आहे: फक्त दुसरा अंक करू नये. पांढऱ्या झग्यांचा मोह सगळ्यांना पडतो. पण पहिल्या अंकात आल्ब्रेख्तला आपली सरदारी तलवार लपवताना पाहिलं नसेल, तर दुसऱ्या अंकात तो माणूस कबरीपाशी फुलं घेऊन का येतो हे पत्रक वाचून कळतं, आतवर पोचत नाही. जाणकारांनी लिहावं.

विंगेतून

सुरुवात मंचापासून करा, कारण मंच चुकला तर बाकी सगळं फुकट.

नाट्यगृह ठरवण्याआधी फीत घेऊन स्वतः मोजा. पत्रकात छापलेली रुंदी ही बहुधा दर्शनी चौकटीची असते. नाचायला उरते ती विंगा लावल्यावरची. २४ विलींसाठी ४० फूट रुंद आणि ३२ फूट खोल मोकळी जागा हवी, शिवाय दोन्ही बाजूंना किमान ८-१० फूट. उडी मारून विंगेत शिरणाऱ्या माणसाला थांबायला जागा लागते. नाटकाच्या विंगेत खुर्च्या, प्रॉपर्टीचं टेबल आणि चहाचं थर्मास असतं. ते सगळं काढावं लागेल.

दुसरं, जमीन. मंच लाकडी दिसतो म्हणून तो लवचीक असतोच असं नाही. बऱ्याच बहुउद्देशीय सभागृहांत फळ्या थेट सिमेंटवर ठोकलेल्या असतात. टाच आपटून पाहा: पोकळ आवाज आला तर खाली जागा आहे, ‘टक’ असा बसका आवाज आला तर खाली सिमेंट आहे. सिमेंटवर महिनाभर उड्या मारल्या की नडगीचं दुखणं ठरलेलं.

अशा ठिकाणी तात्पुरती जमीन करायची: खाली फोमचे तुकडे, वर १२ मिमी प्लायचे दोन थर, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ न देता. ४० बाय ३२ फुटांना ८ बाय ४ चे ४० शीट एका थराला, म्हणजे एकूण ८०. एक शीट साधारण २० किलो धरा. दीड टनाच्या वर माल होतो, तेव्हा टेम्पो आणि हमाल त्या हिशोबाने सांगा. त्यावर व्हिनाइलची मॅट. २ मीटर रुंदीचे ५ पट्टे, या विंगेपासून त्या विंगेपर्यंत आडवे. सांध्यांना मॅटचीच टेप. पॅकिंगची टेप लावू नका, तिची कड सुटते आणि पॉइंट शूजचं, म्हणजे टोकावर उभं राहायच्या कडक बुटांचं, टोक नेमकं त्यात अडकतं.

हे अंथरायला चार माणसांना चार तास लागतात, वर प्रकाश लावायला तेवढेच. एका सत्राचं भाडं भरून हे जमणार नाही. आदल्या रात्रीचं सत्र घ्यावंच लागेल.

राळ_आणि_रिबन

विंगेतून यांना अनुमोदन. जमिनीबद्दल एक पुरवणी: व्हिनाइलवर राळ सढळ हाताने टाकू नका. राळेची पेटी विंगेत ठेवा, बूट त्यात टेकवून घ्या. मॅटवर राळेचे डाग साचले की एका जागी बूट चिकटतो आणि दोन फुटांवर घसरतो. पाय मुरगळतो तो असल्या बदलाने.

आता विलींबद्दल. लोकांना जिझेल म्हटलं की नायिका आठवते. पण दुसरा अंक उभा राहतो तो मागच्या २४ जणींवर. २४ जणी नसतील तर १८ चालतात, त्याखाली जंगल रिकामं वाटायला लागतं. वर राणी मिर्था आणि तिच्या दोघी सख्या.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे दोन्ही बाजूंनी आलेल्या रांगा आराबेस्कमध्ये (एक पाय मागे सरळ उचलून), दुसऱ्या पायावर छोट्या उड्या घेत एकमेकींतून आरपार जातात ती. बघायला शांत, करायला भयंकर. प्रत्येक बाजूच्या १२ जणी ३ रांगांत ४-४ अशा धरल्या, तर मध्यात ६ रांगा एकमेकींत गुंफतात. ३२ फूट खोलीत दोन रांगांमध्ये जेमतेम पाच फूट मिळतात. चुका ठरलेल्या आहेत:

मागचा पाय. प्रत्येकीने आपल्याला जमेल तितका उचलला तर ओळ करवतीसारखी दिसते. जिचा पाय सर्वात कमी उचलला जातो तिची उंची सगळ्यांची. ती ९० अंशांखाली असली तरी चालेल. ओळ एक हवी.

पुढची मुलगी. ती घाबरून उडी लहान घेते, मग मागच्या तिघी तिच्यावर चढतात. म्हणून पुढे सर्वात धीट मुलगी ठेवायची, सर्वात सुंदर नाचणारी नव्हे.

नजर. समोरून येणाऱ्या रांगेकडे पाहिलं की पाऊल अडखळतं. नजर खाली, तिरकी, आपल्याच रांगेतल्या पुढच्या मुलीच्या पाठीच्या कण्यावर.

मंचाच्या पुढच्या कडेला मध्य आणि दोन्हीकडचे चौथे हिस्से टेपने खुणावून ठेवा. तालीम हॉलमध्येही त्याच मापाने. हॉल लहान असेल तर माप आक्रसून तालीम करू नका. अर्धी रांग घेऊन पूर्ण मापात करा.

पिटातला_प्रेक्षक

२४ जणींच्या बुटांचा टकटक आवाज येतो, त्याला काही उपाय आहे का? भुतांच्या पावलांचा आवाज आला की सगळं संपतं.

राळ_आणि_रिबन

आहे. नवा पॉइंट शू जिन्याच्या पायरीवर किंवा भिंतीवर टोकाकडून आपटून घेतात, काही जणी हातोडीने हलकेच ठोकतात. टोकाच्या चपट्या भागाच्या कडा मऊ झाल्या की आवाज निम्मा होतो. पण मुख्य उपाय पायात आहे: उडीवरून उतरताना बोटं, मग चवडा, मग टाच, असं जमिनीवर ओतल्यासारखं उतरायचं.

याच्या उलट पहिल्या अंकात जिझेलला कडक बूट हवा. तिच्या एकलात ती एका पायाच्या टोकावर उड्या घेत तिरकी मंच ओलांडते, दुसरा पाय हवेत बालोने करत असतो, म्हणजे गुडघ्यातून उलगडून परत मिटत असतो. तिथे टेकलेल्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला आणि घोटा थोडा मागे ओढलेला हवा. गुडघा ताठ ठेवला की सगळा दणका घोट्यात जातो, आणि बूट मऊ पडलेला असेल तर पाऊल टोकावरून पुढे कोसळतं. म्हणून अंक बदलताना नायिकेने बूट बदलायचेच. पहिल्याला कडक, दुसऱ्याला मवाळ.

पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने बुटातली खळ लवकर सुटते. वापरलेला जोड २४ तास तरी पंख्याखाली उघडा वाळवावा, पिशवीत कोंबू नये. आतून टोकाला चपड्याचा पातळ हात दिला की कडकपणा टिकतो. सुताराकडे मिळतो तोच चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. रात्रभर वाळू द्या.

हस्तमुद्रा

धागालेखकाच्या ‘पहिला अंक कापू नका’ या म्हणण्यात मी भर घालते. पहिल्या अंकातही लोक सर्वात आधी कापतात तो जिझेलच्या आईचा, बेर्थेचा, मूकाभिनय. ‘नाच नाही, नुसते हातवारे’ म्हणून. तीच जागा अख्ख्या शोकांतिकेचा पाया आहे. आई सांगते: तू अशीच नाचत राहिलीस तर मरशील आणि विली होशील. हे सांगितलं नाही तर मध्यंतरानंतर विली एकदम कुठून आल्या?

खुणा सोप्या आहेत. नाच: दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवत वर नेणं. मरण: मुठी आवळून मनगटं एकमेकांवर, खाली रोखलेली. लग्न: अनामिकेकडे बोट. शपथ: दोन बोटं वर.

पुण्यात कथकचा पाया मोठा आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केल्यापासून इथल्या कित्येक पिढ्यांनी अभिनय पाहिला आहे. बेर्थेची भूमिका एखाद्या अनुभवी कथक नर्तकीला किंवा नाटकातल्या अभिनेत्रीला द्यावी असं मला मनापासून वाटतं. मात्र दोन गोष्टी तिला नव्याने शिकाव्या लागतील. एक, खूण पूर्ण हाताच्या लांबीने, खांद्यापासून करायची. बोटांतली नजाकत शेवटच्या रांगेला दिसत नाही. दोन, प्रत्येक खुणेची जागा संगीतात ठरलेली आहे. तिथे बढत घेता येत नाही. खूण पूर्ण झाली की क्षणभर थांबायचं, मगच पुढची. दोन खुणा एकमेकींत मिसळल्या की वाक्यच हरवतं.

तिसरी_घंटा

हस्तमुद्रा, वेडाच्या प्रवेशाबद्दलही लिहा ना. तिथे अभिनय किती आणि नृत्य किती, यावर तालमीत नेहमी अडतं.

हस्तमुद्रा

तिथे नवीन काही करायचं नसतं, हेच कळायला वेळ लागतो. जिझेलच्या डोक्यात आधीचाच अंक तुटक तुटक परत येतो. म्हणून त्या प्रवेशाची तयारी अंकाच्या सुरुवातीला करायची.

फुलाचं उदाहरण घ्या. ती पाकळ्या मोजते, उत्तर ‘नाही’ येणार हे दिसताच फूल टाकते. आल्ब्रेख्त ते उचलतो, हळूच एक पाकळी काढून टाकतो आणि ‘हो’ दाखवतो. ही लबाडी प्रेक्षकाला स्पष्ट दिसली पाहिजे. पाकळी काढताना त्याची पाठ प्रेक्षकांकडे असेल तर पुढचं सगळं वाया. वेडात ती हातात नसलेल्या फुलाच्या पाकळ्या मोजते, तेव्हा जागा तीच, हाताची उंची तीच, बोटांची पकड तीच हवी. फरक फक्त गतीत. सुरुवातीच्या तालमीतच दोन्ही प्रवेश एकामागोमाग करून हात जुळवून घ्या.

तलवारीचंही तसंच. आल्ब्रेख्त ती झोपडीत लपवतो, हिलारियन शोधून काढतो, तिच्यावरचं मानचिन्ह बाथिल्डेच्या वडिलांच्या, ड्यूकच्या, शिकारीच्या शिंगावरच्या चिन्हाशी ताडून पाहतो. वेडात जिझेल तीच तलवार टोकाकडून धरून जमिनीवर गोल फरफटवते. तेव्हा टोक बोथट हवं, आणि मॅट फाटू नये म्हणून मुठीला खालून पातळ चामडं लावलेलं हवं.

केस सुटतात तेही आपोआप नाही. ती आईच्या कुशीत कोसळते, त्या आडोशात बेर्थेने तीन आकडे काढायचे. अंबाडा त्या तीन आकड्यांवरच तोललेला असला पाहिजे, आणि ते कुठे आहेत हे बेर्थेला न बघता कळलं पाहिजे. आधीच्या नाचात तो सुटू नये म्हणून वरून बारीक जाळी नको, ती निघत नाही. केसांची पकड पिळातून यायला हवी.

मध्यलय

संगीतावर कोणी बोललं नाही, म्हणून.

आदामने पात्रांना आणि प्रसंगांना ठरावीक सुरावटी दिल्या आणि त्या परत आणल्या. फुलाच्या प्रवेशाची धून वेडात तुटून येते, हे हस्तमुद्रा यांनी सांगितलेल्या हातांशी थेट जुळतं. म्हणून ध्वनिमुद्रणात काटछाट करताना ही सुरुवातीची धून लहान केली की नंतरची आठवण कोणाला होणारच नाही. कापायचंच असेल तर शेतकरी जोडीचं नृत्य कापा. ते मुळात दुसऱ्या संगीतकाराच्या, बुर्गम्युलरच्या, संगीतावर आहे आणि कथेला धक्का लागत नाही. जिझेलचं पहिल्या अंकातलं ते प्रसिद्ध एकलही आदामचं नाही, नंतर घातलेलं आहे, पण त्याला हात लावू नका. तिच्या नाचाच्या वेडाचा पुरावा तोच आहे.

वाद्यवृंद मिळणार नाही असं धरून चालू. मग वेग हा मोठा प्रश्न. दुसऱ्या अंकात आल्ब्रेख्त मिर्थाच्या हुकमाने थकेपर्यंत नाचतो, तिथे बरेच जण सलग आंत्रशा सिस करतात, म्हणजे सरळ उडीत पाय भराभर एकमेकांपुढे-मागे करतात. ३० सेंमी उडी घेणारा हवेत अर्धा सेकंद असतो, ४५ सेंमीवाला ०.६ सेकंद. म्हणजे एकच ध्वनिमुद्रण दोघांना सारखं बसणार नाही. सूर न बदलता वेग ३-४ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येतो. त्यापलीकडे तंतुवाद्यं पाण्यातून ऐकू आल्यासारखी वाटतात. नर्तक ठरला की आधी त्याची उडी मोजा, मग ध्वनिमुद्रण निवडा.

दुसऱ्या अंकातल्या द्वंद्वनृत्याला व्हायोलाचं एकल आहे. पुण्यात पाश्चात्य तंतुवाद्य शिकणारे आहेत. एवढा एक तुकडा जरी प्रत्यक्ष वाजवता आला, तर नायिकेला श्वास घ्यायला मोकळीक मिळेल. उरलेलं ध्वनिमुद्रित चालेल. जोडणी करताना मुद्रणाची पट्टी तपासून व्हायोला त्याला लावून घ्यावा.

आणि हक्क. आदाम १८५६ मध्ये गेले, संगीत मोकळं आहे. पण ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं त्यावर हक्क असतो. नृत्यरचनाही आपल्या १९५७ च्या कायद्यात नाट्यकृतीत मोडते, म्हणून एखाद्या आधुनिक दिग्दर्शकाची आवृत्ती चित्रफितीवरून उतरवून घेणं चालणार नाही. लेखी परवानगी घ्या.

पिटातला_प्रेक्षक

मग जुनी रचना मिळणार कुठून?

मध्यलय

स्तेपानोव्ह लिपीतून, म्हणजे नृत्य कागदावर उतरवायच्या एका लिपीतून. सेंट पीटर्सबर्गमध्ये पेतिपाच्या काळच्या रचना त्या लिपीत उतरवल्या गेल्या, निकोलाय सेर्गेयेव्हने त्या रशियाबाहेर नेल्या, आणि आज तो संग्रह हार्वर्ड विद्यापीठात आहे. १९३४ मध्ये लंडनच्या विक-वेल्स बॅलेसाठी त्यानेच त्यावरून जिझेल बसवलं, अलिशिया मार्कोव्हा नायिका होती. अलीकडे २०११ मध्ये पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने आणि २०१९ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोईसाठी नृत्यरचनाकार रात्मान्स्की यांनी जुन्या नोंदी वाचून प्रयोग उभे केले. पण ही लिपी वाचणारे जगात मोजके आहेत. आपल्यासाठी व्यवहाराचा मार्ग म्हणजे पारंपरिक रचना अंगात असलेला शिक्षक सहा आठवडे बोलावणं.

सुईदोरा

कपड्यांचा हिशोब घ्या.

विलीचा झगा पोटरीच्या मध्यापर्यंत. पाच थर, प्रत्येक थराचा घेर ५ मीटर, म्हणजे २५ मीटर पट्टी. नेटचा पन्हा १५० सेंमी असेल तर मधून चिरून दोन पट्ट्या निघतात, म्हणून एका झग्याला साडेबारा मीटर कापड. २४ विली, दोन सख्या, मिर्था आणि जिझेल मिळून २८. एकूण ३५० मीटर. एकाच लॉटचं घ्या. नंतर २० मीटर कमी पडले आणि दुसऱ्या लॉटचं आणलं तर दिव्याखाली रंगाचा फरक उठून दिसतो.

रविवार पेठेत कापडगंजात नेट मागितलं की घागऱ्याखाली लावायचं कॅनकॅन पुढे करतात. ते घेऊ नका. ते कडक असतं, झगा छत्रीसारखा उभा राहतो. इथे उडीनंतर कापड अर्धा ठोका उशिरा खाली आलं पाहिजे. मऊ नेट मागा, हातात चुरगाळून सोडून पाहा, सावकाश उलगडलं पाहिजे. अगदी शुभ्र पांढरं टाळा, दिव्याखाली डोळे दिपतात आणि घड्या दिसत नाहीत. वरचा थर हस्तिदंती, खालचे दोन थर फिकट निळसर-हिरवे.

खालची कड मापताना कमरेपासून मापू नका. मुलींची उंची वेगवेगळी असते. सगळ्यांना बूट घालून रांगेत उभं करा आणि जमिनीपासून ३० सेंमीवर खूण करा. मंचावर एक सरळ रेघ दिसते ती यामुळे.

डोक्यावरचे पदर अदृश्य हाताने ओढल्यासारखे उडून जायला हवेत. त्याला तंगूस बांधून विंगेतून ओढतात. पदर केसांना एकाच सैल आकड्यावर. दोन लावले की मान मागे खेचली जाते.

हातांना पांढरी पावडर लावू नका. घामाने जोडीदाराची पकड सुटते. चेहरा आणि गळा पुरे.

विंगेतून

आता धुराबद्दल. जंगलाला जमिनीलगतचं धुकं सगळ्यांनाच हवं असतं. द्रवाच्या यंत्राचा धूर वापरलात तर मॅटवर तेलकट थर बसतो, आणि मिर्था पहिल्याच प्रवेशात ‘बुरे’, म्हणजे टोकांवरच्या बारीक भरभर पावलांनी, अख्खा मंच ओलांडते, ती सरळ घसरेल. कोरडा बर्फ आणि गरम पाणी घ्या. पण त्यानेही जमीन ओलसर होते, म्हणून पडदा उघडण्याआधी सोडा आणि मिर्था यायच्या दीड-दोन मिनिटं आधी बंद करा. हा वायू जड असतो, खाली साचतो. मंचापुढच्या खड्ड्यात व्हायोला वाजवणारे बसणार असतील तर त्यांना तिथे बसवू नका, बाजूला वर बसवा. बर्फ हाताळायला जाड हातमोजे, तो उणे ७८ अंशांना असतो.

फुलंसुद्धा. आल्ब्रेख्तच्या हातातल्या लिलीऐवजी मार्केट यार्डातून ताजा निशिगंध आणायची कल्पना येईल. मंचावर पडलेली एक ओली पाकळी पुरते. कापडी फुलं, देठाला तार, पाकळ्या शिवलेल्या.

प्रकाश बाजूने हवा: नडगी, कंबर आणि डोकं अशा तीन उंचींवर, प्रत्येक विंगेत एक खांब. नाटकाचा समोरचा सपाट उजेड टाकलात तर झगे चपटे दिसतात. खांबांच्या पायांना रेडियमची टेप.

पिटातला_प्रेक्षक

एक सूचना. विली म्हणजे आपल्याकडच्या हडळी-जखिणींच्या जवळच्या. गोष्ट सह्याद्रीतल्या गावात आणली तर पुणेकर प्रेक्षकाला जास्त भिडणार नाही का? नृत्यरचनाकार अक्रम खान यांनी २०१६ मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी कापड गिरणीतले स्थलांतरित कामगार घेऊन जिझेल केलंच ना?

तिसरी_घंटा

त्यांनी संगीत आणि नृत्यरचनाही नवी घेतली, नुसतं गाव बदललं नाही. आपल्याकडे आदामचं संगीत आणि जुनी पावलं ठेवून फक्त नऊवारी नेसवली तर पावलं एक सांगतील आणि लुगडं दुसरं. शिवाय हडळीची भीती वेगळी आहे. विलींवर प्रेक्षकाला राग येत नाही, त्यांची कीव येते. पहिल्यांदा द्राक्षांचं गावच ठेवावं. मराठी प्रेक्षकासाठी पत्रकात एक पान कथा आणि बेर्थेच्या चार खुणांची चित्रं द्यावीत, तेवढ्याने काम होईल.

शेवटाबद्दल मात्र मतं हवी आहेत. १८४१ मध्ये बाथिल्डे परत येऊन आल्ब्रेख्तला सावरते. आज बहुतेक ठिकाणी तो एकटाच उरतो.

हस्तमुद्रा

एकटा. पण एका अटीवर: जिझेल कबरीत परतताना त्याच्याकडे पाठ करून चालत जाऊ नये. उलट पावलांनी, नजर त्याच्यावर. मंचाला खालचं दार नसेल तर कबरीच्या उंचवट्यामागे दोन फुटांची फट ठेवा, वर पानांचा आडोसा. तिने त्यात आधी उजवा पाय घालायचा, मग गुडघे मोडायचे. घाईत बसली तर झगा वर राहतो आणि पांढरं टोक दिसत राहतं.

सुईदोरा

त्या फटीच्या आत मऊ मांजरपाट ठोकून घ्या, प्लायची कड नेटला धरते. आणि मध्यंतर २० मिनिटांचं लिहिलं असेल तर ते २५ करा. पहिल्या अंकातल्या गावकरी मुलीच विली होणार. बूट, झगा आणि मधला भांग पाडून कानांवरून खाली घेतलेला अंबाडा एवढं सगळं २० मिनिटांत १८ जणींचं होतं, २४ जणींचं होत नाही.

विंगेतून

२५ मिनिटं मलाही हवी आहेत. झोपड्या काढून मॅट कोरड्या फडक्याने पुसायला त्यातली दहा जातात.